स्वभावाचा रकाना

यांत्रिक मांजराने तिसऱ्यांदा झेप घेतली, तरी तांबलावा जागचा हलला नाही. उलट मान तिरकी करून, त्या पंज्यात दाणा आहे का ते बघू लागला. आता बोला! काचेमागे उभ्या असलेल्या यशोदामावशी तांडेलांना हसू आलं, पण शेजारच्या संशोधक डॉ. शाल्मली गोगट्यांचा चेहरा बघून ते जिरलं.

तांबलावा हा उंडीबेटावरचा, जमिनीवर चालणारा पक्षी. बेटावर माणसांबरोबर मांजरं आली आणि त्याचा निकाल लागला. उरलेले अकरा पक्षी सहा देशांतल्या प्राणिसंग्रहालयांनी वाटून घेतले. कुणाची जोडी कुणाशी लावायची, हे सगळ्यांच्या नोंदी वाचून एक संगणक ठरवी. बावीस वर्षांत अकराचे नऊशे झाले. पुढच्या महिन्यात ते बेटावर परत जायचे होते, आणि मांजरं तिथे अजून होतीच.

मावशी या पक्ष्यांना पहिल्या दिवसापासून सांभाळत होत्या. भीती शिकवता येत नाही का, असं त्यांनी विचारलं. शाल्मलीने समजावलं, की पिसांच्या रंगासारखी भीतीही आईबापांकडून येते. त्या अंशाला तिने ‘भयबीज’ नाव दिलं होतं. ते असेल तरच धडा रुजतो, आणि या नऊशेंत ते एकातही सापडलं नव्हतं.

“मग गेलं कुठे?”

“नोंदवहीत स्वभावाचा रकाना मीच घातला होता, मावशी. जोड्या लावताना संगणक तोही बघत होता.”

मावशींना आपल्याच नोंदी आठवल्या. हातात गप्प बसेल तो ‘गुणी’, चावेल तो ‘कजाग’, असं त्या बावीस वर्षं लिहीत आल्या होत्या. बाकीच्या पाच ठिकाणीही तेच. भीतीपोटी चावणाऱ्या त्या कजागांना जोडीदार मिळालाच नाही. एकीने मावशींचा अंगठा फोडला होता. ती एकटीच म्हातारी होऊन मेली. जीव लावता लावता आपणच यांचा घात केला, हे मावशींच्या मनातून जाईना.

त्या कजाग मादीचं रक्त एका परदेशी संग्रहालयात गोठवून ठेवलेलं होतं. त्यातलं भयबीज नव्या अंड्यांत घालता येईल, असं शाल्मली म्हणाली आणि थांबली.

“पिल्लं मला ओळखणार नाहीत, असंच ना?”

“ओळखतील, मावशी. म्हणून तर पळतील.”

मावशींनी मान डोलावली. बेटावर परतायचा बेत पुढे ढकलला गेला.

तीन महिन्यांनी पहिलं पिल्लू बाहेर आलं. मावशींनी सवयीने तळहात पुढे केला. पिल्लू कोपऱ्यात जाऊन चिकटलं आणि असं थरथरू लागलं, की त्याची नखं पत्र्यावर वाजत राहिली. मावशींनी हात काढून घेतला. रकान्यात ‘गुणी’ लिहिलं, आणि उद्यापासून दाणा यंत्रानेच घाला, असं शाल्मलीला सांगून त्या बाहेर गेल्या.