भिंतीच्या बाजूने आलेला हॉर्न

हॉर्न बदलणं म्हणजे तसं काय मोठं काम? दोन बोल्ट, चार वायरी, अर्धा तास. शनिवारी दुपारी जेवण उरकून लेटलतीफ मोटरसायकल घेऊन मिस्त्रीच्या दुकानी गेला, तेव्हा त्याच्या मनात एवढंच होतं.

लेटलतीफ हे काही त्याचं खरं नाव नाही. विम्याच्या कचेरीत नऊ वाजता यंत्रावर अंगठा लावायचा असे, आणि हा गडी कधी नऊ सात, कधी नऊ अकरा. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी मिळून त्याला हे नाव दिलं आणि ते चिकटलं. दोष त्याचा एकट्याचा नव्हता हो. रस्ता तसा, गर्दी तशी, आणि गाडीचा मूळचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेली शेळी. पुढचा माणूस बाजूला व्हायचं राहिलं, मागे वळून हसायचा.

"ही जोडी घे," मिस्त्री म्हणाला. "एक बारीक आवाजाचा, एक जाड. दोन्ही एकदम वाजले ना, की समोरचा जागचा उडतो."

जोडी बसवून त्याने बटण दाबलं. बाकड्यावरच्या गिऱ्हाईकाच्या हातातला चहा शर्टावर सांडला. लेटलतीफ पोट धरून हसला. मिस्त्री मात्र हसला नाही. हात पुसत म्हणाला, "एक लक्षात ठेव. गाड्यांना वाजव, मोकळ्या रस्त्यावर वाजव. चालत्या माणसाच्या पाठीशी वाजवू नकोस. घाबरलेला माणूस विचार करत नाही, नुसता पाय टाकतो."

"छे छे, मी कशाला वाजवतोय!" लेटलतीफ म्हणाला. आपण सगळे म्हणतो तसंच.

घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी, चिऊ. बापलेकीचा एक रोजचा खेळ होता. सकाळी निघताना तो तिच्या उजव्या कानात एक गुपित सांगायचा. कधी साहेबांचा टोप उडाला, कधी शिपाई झोपेत घोरला. मिशा लागल्या की ती खिदळत सुटायची. सोमवारी गुपित होतं, "आपला हॉर्न आता वाघ झालाय."

सोमवारी नऊला तीन मिनिटं कमी असताना अंगठा लागला. मंगळवारीसुद्धा. बुधवारी मात्र घरातून निघायलाच उशीर झाला.

वाटेत एका बंद कारखान्याची लांबच लांब भिंत लागते. तिथे डावीकडे पाइपासाठी पदपथ खणून ठेवलेला, त्यामुळे पायी जाणारे रस्त्यावरूनच चालतात. त्या दिवशी पुढे एक म्हातारे गृहस्थ चालले होते. काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, चाल संथ. उजवीकडे धावत्या वाहनांची रांग. लेटलतीफला म्हाताऱ्याच्या जागेतूनच काय ती वाट होती. त्याने घड्याळ पाहिलं. म्हाताऱ्याच्या पाठीशी हातभर अंतरावर येऊन त्याने बटण दाबलं.

म्हातारा दचकला. आणि भिंतीकडे सरकायचं सोडून, भिंतीतूनच काहीतरी अंगावर येतंय अशा भीतीने, त्याने उजवीकडे उडी टाकली.

वाट मोकळी झाली. लेटलतीफ त्या मोकळ्या वाटेने निघून गेला.

मागे मिनीबसचे ब्रेक किंचाळले. आरशात त्याला रस्त्यावर पसरलेलं पाकीट दिसलं, मग माणसांच्या पाठी दिसल्या. तो थांबला नाही. खोटं कशाला सांगू, त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की, मी तर धक्काही लावलेला नाही. नऊला एक मिनिट कमी असताना अंगठा लागला. कचेरीने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा कारकून सांगत होता. "गेला म्हणे म्हातारा. उजव्या कानाने ठार बहिरा होता. अशा माणसाला आवाज कुठून आला ते कळतच नाही, सगळं चांगल्या कानाच्या बाजूने आल्यासारखं वाटतं. बसचा ड्रायव्हर आत आहे. कुणीतरी मोठ्ठा हॉर्न वाजवला म्हणून म्हातारा बसपुढे आला असं सांगतोय, पण ऐकतो कोण?"

त्या रात्री त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तो ड्रायव्हर सुटायला हवा. उद्या जाऊन सांगून टाका."

"जाईन ना. पण मलाच आत टाकलं तर? चिऊचं काय होईल?"

बायकोने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने मान खाली घातली. "चिऊला मध्ये आणू नका," ती म्हणाली.

उद्याचा परवा झाला. परवाचा सोमवार झाला.

सोमवारी सकाळी बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि तो गॅलरीकडे वळला. दारावर कुणी थाप मारली तर हा खिडकीशी. उजव्या कानात कापसासारखं काहीतरी दाटून बसलं होतं. डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं. "कान स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आत काहीच नाही."

भिंतीच्या रस्त्याला लागला की तर बोलायलाच नको. डावीकडून, विटांच्या आतून, अगदी जवळून हॉर्न वाजायचा... एक बारीक, एक जाड. त्याचा स्वतःचा. अंगठा तर बटणावर नसायचाच. दोनदा हँडल आपोआप उजवीकडे वळलं, दोनदा थोडक्यात वाचला. ओल्या मातीचा वास यायचा, आणि त्यात दवाखान्यातल्या औषधांचाही.

तो तडक मिस्त्रीकडे गेला. "काढ ही जोडी. जुना बसव."

मिस्त्रीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पाठीशी वाजवलास?"

लेटलतीफने गाडीची किल्ली बाकड्यावर ठेवली. मिस्त्रीने मुकाट्याने जोडी काढली, वायरी कापल्या, टोकांना टेप गुंडाळला आणि दोन्ही हॉर्न खिळ्याला टांगले. पैसे द्यायला लागला तर घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी रांग अडली होती. एक बाई गाडीगाडीपाशी जात होती. चेहरा जागरणाने उतरलेला, पदर खोचलेला. ती त्याच्यापाशी आली. उजव्या बाजूने काहीतरी बोलली, ते त्याला कळलं नाही, म्हणून ती समोर आली.

"दादा, तुम्ही रोज इथून जाता ना? मी त्या बसच्या ड्रायव्हरची बायको. मागच्या बुधवारी इथे कुणीतरी फार मोठा हॉर्न वाजवला होता. तुम्ही ऐकलात का? नुसतं ऐकलं म्हणून सांगितलंत तरी पुरे आहे..."

तिच्या हातात तिच्या नवऱ्याचा फोटो होता. साधा माणूस, गणवेशातला.

"नाही हो, वहिनी," लेटलतीफ म्हणाला. "मी काही ऐकलं नाही."

"गाडीचा हॉर्न मोठा असलेला कुणी ओळखीचा?"

त्याने जुनं बटण दाबून दाखवलं. सर्दी झालेली शेळी. "माझा तर असा आहे," तो म्हणाला, आणि हसलासुद्धा. स्वतःची इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. बाई पुढच्या गाडीकडे गेली.

त्या दिवशी भिंत गप्प होती.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती नळाच्या थेंबांनी. टप्... टप्... उजव्या कानात, स्वच्छ! तो उठून बसला. कानापाशी चुटकी वाजवून पाहिली. ऐकू येत होतं. अरे वा! सुटलो, असं त्याला वाटलं. मनातल्या मनात तो म्हणाला, झालं गेलं संपलं एकदाचं. दाढी करताना चक्क शीळ घातली. बायको दारात उभी राहून बघत होती.

निघताना त्याने चिऊला जवळ ओढलं आणि उजव्या कानात गुपित सांगितलं, "बाबाचा कान बरा झाला."

चिऊ हसली नाही. तशीच वाट बघत उभी राहिली.

"बाबा, सांग ना."

"सांगितलं की!"

तिने मान फिरवून डावा कान पुढे केला. "ह्या कानात सांग. तो बंद झालाय."

लेटलतीफ मटकन खाली बसला. मग उठला, तिचा हात धरला आणि पायातल्या चपलांनीच भिंतीच्या रस्त्याकडे चालत सुटला. बाई तिथेच होती. गाड्यांच्या गोंगाटात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "वहिनी, हॉर्न माझा होता. काल मी खोटं बोललो. चला, कुठे सांगायचं ते दाखवा."

बाईने त्याला शिव्या दिल्या नाहीत. फोटो छातीशी धरून ती फक्त एवढंच म्हणाली, "आठ दिवस झाले हो, दादा. आठ दिवस."

त्याने जबाब दिला. मिस्त्रीने येऊन साक्ष दिली. ड्रायव्हर सुटून घरी गेला, लेटलतीफवर खटला उभा राहिला, नोकरी गेली. हे सगळं त्याने मान खाली घालून सोसलं, आणि कबूल केल्यावर पोरीचा कान परत येईल अशी आशा धरून बसला. कान आला नाही. डॉक्टर म्हणतात, स्वच्छ आहे, आत काहीच नाही.

आता तो गाडी चालवत नाही. चिऊला शाळेत पायी नेतो, आणि कायम तिच्या उजव्या बाजूने, रस्त्याच्या अंगाने चालतो. भिंतीपाशी आले की ती दचकते. "बाबा, बाजूला हो ना. भिंतीकडून वाजवतायत..." तो वळून बघतो. मागे कुणी नसतं. मग तिचा खांदा त्याच्या कमरेला लागतो, आणि ती त्याला रस्त्याकडे ढकलू लागते. तो पाय रोवून उभा राहतो. पण त्या ढकलण्यातला जोर सात वर्षांच्या पोरीचा नसतो, आणि रोज तो थोडा वाढतो आहे.