पितळी खांब

"हसू नको, सिद्धेश. सीताराम परब माझा शेजारी. त्याच्यावर गुदरलेलं सांगतोय."

"बरं आजोबा. लाइट घालवू का?"

"असू दे. चालूच असू दे."

गेल्या वर्षीची सतरा डिसेंबर. रात्रीचे पावणेदहा.

घाटकोपरला आमच्या बाजूला जुनं फायर स्टेशन होतं. खाली गाड्यांसाठी तीन दगडी कमानी. मागे उंच मनोरा, ओले पाइप टांगून वाळवायला. वर जवानांची झोपायची खोली. खोलीच्या मध्ये जमिनीला गोल भोक, त्यातून खाली जाणारा पितळी खांब. घंटा वाजली की जवान खांबावरून घसरत खाली. रिवाज एकच. खालच्याने बाजूला व्हायचं आणि ओरडायचं, "ये!" तोवर वरच्याने खांब धरायचा नाही.

वीस वर्षांपूर्वी एका रात्री लाइट गेलेले. सीताराम तेव्हा तिथे जवान. तो खाली आला, गाडी सुरू झाली, घाईत "ये" म्हणायचं राहिलं. वर शेवटचा राहिलेला त्याचा जोडीदार, ॲम्ब्रोज. तो वाट बघत राहिला. गाडी निघाली तेव्हा मागच्या लोखंडी जिन्याने धावला. अंधारात पडला. हे परत आले तेव्हा त्याचा जीव गेला होता.

सीतारामने हे फक्त मला सांगितलेलं. ॲम्ब्रोजच्या बायकोला, सेराफिनाला, कधीच नाही.

त्या सतरा डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी इमारतीवर हातोडा पडणार होता. सेराफिना म्हणाली, "सीतारामभाऊ, ह्यांच्या खाटेवर भिंतीला क्रूस ठोकलेला. तेवढा आणाल ना?"

तो गेला. बॅटरी घेऊन, एकटाच. अकरा वर्षं बंद जागा. खांब काळा पडलेला.

वर पाऊल वाजलं.

"कोण आहे?"

...

पावलं भोकापाशी आली. थांबली.

सीतारामने बॅटरी वर धरली. कोणी नाही. पण कोणीतरी थांबलेलं... वाट बघत.

तो दाराकडे पळाला. उंबऱ्यापाशी पाय अडले. परत फिरला. खांबापासून बाजूला झाला.

"ये," तो म्हणाला. "ये रे, ॲम्ब्रोज... चुकलो मी."

काही नाही.

मग खांब घुमला. वरून... खाली.

थांबला.

"मग?" सिद्धेशच्या बहिणीने, जान्हवीने विचारलं.

मग काही नाही, बाळ. त्याने क्रूस काढला, सेराफिनाला नेऊन दिला. सगळं सांगितलं. मग उठून तिने चहा ठेवला.

सकाळी खांब कापायच्या आधी मी स्वतः बघून आलो. सगळा काळा. फक्त एका बाजूला, वरपासून खालपर्यंत, तळहाताएवढा पट्टा... लख्ख पिवळा.