पुढचा माणूस

दिवे गेले की मामंजींना कंठ फुटे. पोरं सरसावून बसली. नवी सूनही दाराआड टेकली.

"माझ्या ओळखीतल्या हवालदाराची गोष्ट. भ्यालात तर मला उठवायचं नाही!"

हवालदार सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होता. निवृत्तीनंतर एकदा, एकोणीस तारखेला, मंगळवारी रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी तो गावाच्या फाट्यावर बसमधून उतरला. काखेत शहीद मित्राचा फोटो. सकाळी शाळेच्या सभागृहाला मित्राचं नाव द्यायचं होतं आणि भाषण हवालदाराचं होतं.

भाषण तोंडपाठ. मित्र स्वतःहून पुढे झाला. सुरुंगावर पाय पडला, तरी ओरडत राहिला, "कोणी जवळ यायचं नाही! आहात तिथेच थांबा!" अकरा जण वाचले. तो अर्ध्या तासात गेला.

सगळं खरं. फक्त 'स्वतःहून' खोटं. पुढे चालायची पाळी हवालदाराची होती. "पाय मुरगळलाय रे, आज तू जा," असं तो मित्राला म्हणाला होता. पाय चांगला ठणठणीत होता.

आज मित्राच्या आईला सांगून टाकायचंच, असं ठरवून तो चालू लागला.

मागे पाऊल वाजलं.

तो थांबला. तेही थांबलं.

"कोण आहे?"

...

दहा पावलांचं अंतर. तुकडीत मागचा माणूस तेवढंच अंतर ठेवतो. म्हणजे आज पुढे... तो होता.

शंभरदा तुडवलेला रस्ता. पाय उचलेना. एक टाकला. काही नाही. दुसरा... घाम. परत फिरावं? पण मागे तर...

दोन किलोमीटरला दोन तास लागले.

"अरे, इतक्या रात्री? जेवलास का?" मित्राच्या आईनं दार उघडलं.

"काकू, त्या दिवशी पाळी माझी होती."

त्यानं सगळं सांगितलं. तिनं फोटो हातातून काढून घेतला.

"आधी कळतं," ती हळूच म्हणाली, "तर इतकी वर्षं तुला ताट वाढलं नसतं."

कडी लागली. तो अंगणातच दगडावर बसून राहिला.

उजाडलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकून पांढरी फीत ताणलेली. थेट फाट्यापासून. वाट साफ झाली की मागचा माणूस बांधत येतो, तशी.

मामंजींनी अंथरूण ओढलं.

"फीत काकूंच्या दारापर्यंत होती?" सुनेनं विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले. "तो बसला होता... तिथपर्यंतच."