दाराबाहेरचे काळे बूट

"ताई, माझ्या दाराबाहेर बूट दिसले नाहीत, तर लगेच दार वाजव हं. आत घेतले म्हणजे मी हरले समज."

सू वान असं म्हणाली तेव्हा यीनान हसली होती. "अगं, बाळावर लक्ष ठेवू की तुझ्या बुटांवर?"

खोटं वाटेल, पण हे घडलंय. गेल्या नोव्हेंबरात, छांगशा शहरात, चौदाव्या मजल्यावर.

शेजारची सू वान एकटी राहायची. घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून तिने यीनानच्या नवऱ्याचे जुने बूट दाराबाहेर ठेवले होते. काळे. एकाची नाडी तुटली, तेव्हा तिने लाल ओवली.

ऑफिसच्या जेवणात साहेबाने बळेच दारू पाजली, एवढंच तिने नेटवर लिहिलं होतं.

हजारो पुरुष तुटून पडले. 'एवढी नाजूक, तर घरी बस!' कुणीतरी तिचा पत्ताही टाकला. मग पार्सलं यायला लागली...

मयताची फुलं. तिच्या नावाची.

"फोन बंद ठेव ना गं."

"मग ते येणारेत का, हे कळणार कसं, ताई?"

त्या मंगळवारी भरदुपारी यीनान भाजी आणि बाळ सांभाळत लिफ्टमधून बाहेर आली. सू वानच्या दारात...

बूट नव्हते.

'बरं झालं, भीती गेली वाटतं.' बाळ रडत होतं. ती घरात गेली.

संध्याकाळी ॲम्ब्युलन्स आली. उशीर झाला होता.

सू वानच्या आईने लेकीच्या वस्तू जाळल्या, ते बूटही. लाल नाडी जळताना यीनानने डोळ्यांनी पाहिली.

एकोणपन्नासाव्या दिवशी, तिकडच्या समजुतीने आत्मा निरोप घेतो त्या दिवशी, यीनानने स्वतःचं दार उघडलं...

समोर तेच बूट. लाल नाडी.

तिने आत हात घातला. ऊब होती.

"फेकून दे ते," नवरा म्हणाला. तिने फेकले नाहीत.

मार्चमधल्या एका दुपारी ते दाराबाहेर दिसेनात.

या वेळी ती थांबली नाही. बाळाला कडेवर घेऊन एकेक मजला उतरली. नवव्या मजल्यावर, एका बंद दारासमोर...

बूट.

"उघड गं! मी वरची, चौदाव्या मजल्यावरची!"

बऱ्याच वेळाने दार उघडलं. विशीतली पोरगी. डोळे सुजलेले. हातात सारखा वाजणारा फोन.

"तुम्हाला... कुणी पाठवलं?"

यीनानने खाली पाहिलं. फरशी रिकामी होती.

तिने पोरीचा हात धरला. "आधीही एकीने असंच बोलावलं होतं गं. तेव्हा मी गेले नाही."

बूट पुन्हा दिसले नाहीत. यीनान मात्र अजून रोज दार उघडून बघते.

आणि भेटेल त्याला विचारते, तेच तुम्हालाही. तुमच्यातली कुणी दोन दिवस गप्प आहे का?

मेसेज नको. जा. दार वाजवा.