शून्य आकाराचा निरोप

ही गोष्ट खरी आहे. दिंद्रुडमधल्या एका संस्थेत, गेल्या पौषात, दिवसाढवळ्या घडलेली.

ऊसतोड सुरू झाली की गावात म्हातारी माणसं उरतात. त्यांनी संस्थेच्या नंबरवर फोन लावून मशीनवर निरोप बोलून ठेवायचा; संस्था तो कारखान्यावर गेलेल्या लेकरांना पाठवायची. त्या निरोपांच्या फाइली स्वप्ना सांभाळायची.

त्यासाठीच ती नूशेल शिकत होती. संगणकाला लिहून हुकूम द्यायची नवी भाषा. एका हुकमाचं उत्तर दुसऱ्याच्या ओंजळीत पडतं आणि समोर नेटका तक्ता उमटतो.

तिनं पहिली स्क्रिप्ट, म्हणजे अशा हुकमांची यादी, लिहिली. ज्या निरोपाच्या सुरुवातीला आवाज नाही, तो कोरा समजून पुसायचा.

पुसण्याआधी त्या फाइलींचा तक्ता डोळ्यांखालून घालायचा, हा पहिलाच धडा.

तिनं तो घातला नाही.

त्याच आठवड्यात गावातल्या भिवराबाई वारल्या. लेक सुग्रीव तोडीवर; त्या घरात एकट्याच, तापानं फणफणून.

"फोन करायच्या की त्या," शेजारच्या टेबलावरच्या वर्षाराणीताई म्हणाल्या. "पण आधी गप बसायच्या. म्हनायच्या, हापिसातला मानूस बोलल्याबिगर आपुन कसं त्वांड उघडावं? मशिनीचा बी लई मान!"

ताई हसल्या. स्वप्नाला आपली स्क्रिप्ट आठवली.

तिनं भिवराबाईंच्या निरोपांचं फोल्डर उघडलं. रिकामं.

तक्ता मागवला... त्यात एक ओळ होती. आकार, शून्य.

तिनं ती पुसली. पुन्हा तक्ता मागवला.

ओळ तिथंच...

तिनं कानाला हेडफोन लावून फाइल वाजवली. शांतता. मग लांबून शेळीच्या गळ्यातली घंटी... आणि अगदी जवळ, कुणाचा तरी धापा टाकणारा श्वास. थांबलेला. वाट बघणारा.

"हॅलो?" स्वप्नाच्या तोंडून निघून गेलं.

"...पोरी, माझ्या सुग्रीवला सांग..."

पुढं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सुग्रीव आला. तोडीवरून थेट, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे.

"ताई, मायनं माझ्यासाठी काय बोलून ठिवलंय का वो? एक शब्द असला तरी चालंल."

स्वप्नानं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"काही नाही, दादा."

"बरं."

तो वळला. दारात थांबला... आणि स्वप्नाच्या खांद्यावरून, बंद संगणकाकडं पाहत हळूच म्हणाला,

"बोल माय. ऐकतोय मी."

तो बराच वेळ उभा होता. मधूनमधून मान हलवत होता. मग त्यानं एकदाच स्वप्नाकडं पाहिलं आणि निघून गेला.

स्वप्नाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

माय त्याला काय बोलली, हे तिला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही.