चेंडू हातात नसताना

“अहो पावडर लावून स्टुडिओत बसणारे शहाणे, टेरॉन बिडलला खेळाडूंच्या यादीत चव्वेचाळिसावा नंबर कोणत्या तोंडानं देता? त्याचा एक तरी सामना शेवटपर्यंत पाहिलात का?”

मार्लीस बारमधल्या टीव्हीला फैलावर घेत होती. ऑगस्टातल्या शुक्रवारची संध्याकाळ, तळलेल्या माशांचा दरवळ, खिडकीबाहेर तळ्यावर सायीसारखं धरलेलं धुकं... आणि शेजारच्या स्टुलावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “त्यांना ऐकू जात नाही हं इथून.”

तिनं वळून पाहिलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बाहीला चिकटलेल्या गवताच्या काड्या, आणि डोळ्यांत न लपणारं हसू.

“तुम्ही कोण?”

“आयव्हर. गुरांच्या डॉक्टरच्या, हालवर्सनच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मीही गुरांचाच डॉक्टर; ते उठेपर्यंत गावच्या गाई मी बघतोय. डिसेंबरपर्यंत.”

“म्हणजे बदली गडी.”

“तसंच म्हणा. आणि हा बिडल तुमचा... कोण?”

“अजून कुणी नाही. रविवारी होईल.”

रविवारी गावच्या लीगची वाटणी होती. अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू बारा जणांनी कागदावर आपसांत वाटून घ्यायचे. मग आपला गडी तिकडे खऱ्या मैदानात जितका धावेल तितके गुण इकडे आपल्या खात्यात. बिडल यंदाच कॉलेजातून आलेला, चेंडू छातीशी धरून पळणारा पोरगा.

“पळतात तर सगळेच,” मार्लीस म्हणाली. “नवखा जोखायचा असेल तर चेंडू हातात नसताना बघावा. समोरचा धटिंगण आपल्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला तुडवायला येतो, तेव्हा हा आडवा जातो की अंग चोरतो? आडवा जाणाऱ्यालाच कोच मैदानात ठेवतो.”

“आडवं जाण्याचे गुण किती?”

“शून्य.”

“आणि तरीही...?”

“तरीही.”

तो तिच्याकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिला. ती उगाच पिळून झालेलं लिंबू पुन्हा पिळत बसली.

रविवारी तिच्या भावाच्या, गॉर्डीच्या शेडमध्ये सगळे जमले. एक खुर्ची रिकामी होती, ती या बदली डॉक्टरला मिळाली. निवडीच्या चौथ्या फेरीत आधी आयव्हरची पाळी, मग गॉर्डीची, मग मार्लीसची. आयव्हर उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, “टेरॉन बिडल.”

शेड हसण्यानं दणाणली. मार्लीसचे कान तापले.

“माझंच ऐकून माझाच गडी पळवलात?”

“ऐका तरी—”

तिनं ऐकलं नाही. सप्टेंबर अख्खा ऐकलं नाही. तो मात्र दर शुक्रवारी त्याच स्टुलावर येऊन बसायचा, तिच्यासाठी लिंबाची एक फोड बशीच्या कडेला काढून ठेवायचा. बिडल बाकावर कुजत होता, कारण त्याच्यापुढचा जुना गडी जोरात होता.

“काय डॉक्टर, तुमची गाय आटली की हो,” गॉर्डी डिवचायचा.

“गाभण आहे. धीर धरा.”

मार्लीस हसू गिळायची. अवघड जायचं.

ऑक्टोबरात मेपल पेटल्यासारखे लाल झाले आणि त्या जुन्या गड्याचा घोटा मुरगळला. बिडल मैदानात उतरला. तिसऱ्याच डावात समोरून एक डोंगर सुटला, आणि त्या पोरानं स्वतःला त्याच्या पायांत झोकून दिलं. मागून चेंडू सुटला, लांब, संथ, जणू झोपेत तरंगणारा... पलीकडच्या टोकाला कुणीतरी झेलला. सगळा बार झेलणाऱ्याच्या नावानं ओरडला. बिडलसाठी दोघंच उठून उभी राहिली. तिचा हात त्याच्या मनगटावर कधी गेला, तिला कळलं नाही. काढावा, हेही सुचलं नाही.

“हट्,” गॉर्डी कुरकुरला, “मीच घेणार होतो याला. हिला रडवायला. वाटणीआधी डॉक्टरला सांगून बसलो, तिथंच चुकलं.”

मार्लीस हळूहळू वळली. मग बाहेर, तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यावर गेली. तो मागोमाग आला. तळं चांदीच्या ताटासारखं निश्चल पडलं होतं.

“तू बोलला का नाहीस?”

तिच्या तोंडून पहिल्यांदाच ‘तू’ आलं. दोघांनीही ते ऐकलं.

“त्याच दिवशी बिडल तुला देणार होतो. तू ऐकून घेईनास. आणि आडवं जाण्याचे गुण... शून्य असतात ना?”

ती हसली, आणि डोळे भरून आले, म्हणून पाण्याकडे बघू लागली.

“आता तरी घे बिडलला,” तो म्हणाला. “हंगाम संपला की प्रत्येकानं एक गडी पुढच्या वर्षासाठी राखायचा. पण जो भिडू स्वतःच परत येणार नाही, त्याला गडी राखता येत नाही, असा तुमचा नियम.”

“तू येणार नाहीस?”

“हालवर्सन म्हणतात, कायमचा राहा. मी अजून हो म्हटलेलं नाही.”

“का?”

“गाईंसाठी राहावं... की आणखी कुणासाठी, ते कळत नव्हतं.”

धुकं धक्क्यावर चढलं, त्यांच्या पायांशी घुटमळलं. मार्लीसनं त्याच्या बाहीवरची गवताची काडी काढली, आणि बाही सोडली नाही.

“मला नको बिडल. राखायचा तर तूच राख,” ती म्हणाली. “पुढच्या ऑगस्टात, गॉर्डीच्या शेडमध्ये, त्या खुर्चीवर तू असशील की नाही? आता अंग चोरू नकोस, आयव्हर. उत्तर दे.”