शंभरचा ठेका

"आज संध्याकाळी मी राजीनामा देतोय. त्याआधी एकदा शेवटचं बघून घ्या, माझं हृदय खरंच कामातून गेलंय का," असं फोनवर सांगून सर अर्ध्या तासात दवाखान्यात हजरही झाले.

बरोबर बायको आणि धाकटा भाऊ. पेसमेकर तपासणाऱ्या टेक्निशियनबाईंनी जेवण तसंच झाकून ठेवलं. पेशंट मंडळी त्यांना 'बॅटरीवाल्या बाई' म्हणत, कारण यंत्राची बॅटरी अजून किती वर्षं चालेल हे त्या सांगत. नाव त्यांना मुळीच आवडत नसे, पण आता अंगवळणी पडलं होतं.

सर चाळीस गळ्यांच्या गायकवृंदाचे संचालक. भाऊ त्याच वृंदात तीस वर्षं पियानोवर. असा भाऊ शोधून सापडायचा नाही, असं बाईंचं स्पष्ट मत होतं. तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीला त्याने त्यांना दारातच गाठून पाऊण तास प्रश्न विचारले होते. दादाला मोबाईल चालेल का, मायक्रोवेव्ह चालेल का, विमानतळावरची कमान, चुंबक, वेल्डिंगचं दुकान, जत्रेतला पाळणा. बाईंनी एकूणएक उत्तर कौतुकाने दिलं होतं.

"भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा. खोली लहान आहे," बाई म्हणाल्या आणि सरांच्या छातीवर, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या पेसमेकरवर, त्यातल्या नोंदी वाचणारं यंत्र ठेवलं.

"आता सांगा. नक्की काय होतं?"

"छातीत शंभरचा ठेका सुरू होतो. मिनिटाला बरोबर शंभर."

"अंदाजे?"

"बाई, मी आयुष्यभर लय मोजत आलोय. नव्व्याण्णव नाही, एकशे एक नाही. उभा असलो तरी शंभर, बसलो तरी शंभर."

"कधी?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी. तालमीत. दोन महिने झाले. डोकं गरगरतं, हात कापतात. मागच्या मंगळवारी तर कोसळलोच."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. पेसमेकरने सगळं टिपून ठेवलं होतं. इतर वेळी ठोके साठ, बहात्तर, जिना चढताना पंच्याण्णव असे कमीजास्त. तालमीच्या दोन तासांत मात्र सरळसोट शंभर. बॅटरी ठणठणीत, तारा शाबूत.

"म्हणजे यंत्र नीट आहे. हृदयच गेलं," सर म्हणाले. त्यांच्या खिशात राजीनाम्याचं पाकीट होतं.

"घाई करू नका. तुमच्या हृदयात वरच्या उजव्या कप्प्यात एक बारीकशी गाठ आहे. विजेचा पहिला इशारा ती देते. वरचे कप्पे आकुंचन पावतात. मग इशारा मधल्या चौकीवर क्षणभर थांबतो, तेवढ्यात खालचे कप्पे भरतात. तिथून तो खाली पसरतो आणि खालचे कप्पे रक्त ढकलतात. तुमची वरची गाठ उत्तम आहे, मधली चौकीच इशारे अडवते. म्हणून हे यंत्र. ते वरचा इशारा ऐकतं आणि खाली पोचवतं."

"ऐकतं?"

"सारखं ऐकत असतं. आणि दोन महिने, आठवड्यातून दोनदा, ते ऐकायचं थांबलंय."

त्यांनी खणातून वर्तुळाकार चुंबक काढलं. यंत्राची चाचणी घ्यायला ते प्रत्येक दवाखान्यात असतं. सरांच्या छातीवर ते टेकवताच पडद्यावर ठोके शंभरावर गेले. सरांचा चेहरा उतरला.

"हेच," ते म्हणाले. "हेच ते."

बाईंनी चुंबक उचललं. ठोके पुन्हा खाली आले.

"चुंबक जवळ आलं की यंत्र बहिरं होतं आणि ठरलेल्या शंभराने ठोकत सुटतं. हृदयाची स्वतःची लय एकीकडे, यंत्राची दुसरीकडे. गरगरणार नाही तर काय. तालमीत खिशात मोबाईल असतो? त्याच्या कव्हरला चुंबक असतं."

"मोबाईल बाहेर कपाटात ठेवायचा, हा माझाच नियम आहे."

"मोठे स्पीकर?"

"हॉलच्या दोन टोकांना. माझ्यापासून वीस पावलांवर."

तेवढ्या अंतराने काही होत नाही. बाई सरांच्या बायकोकडे वळल्या. "वहिनी, मंगळवारी तुम्ही तिथे होतात?"

"होते ना. हे पडले आणि सगळे गायक आ वासून उभे. धावले ते फक्त भाऊजी. आधी यांचा माईक काढला, मग पाणी दिलं. मीच ओरडले, अहो, माईकचं काय घेऊन बसलात."

"माईक कसला?"

"शर्टाला लावायचा. मागच्या रांगेला यांचा आवाज पोचत नाही आता. पूर्वी पिनेचा होता, शर्टांची चाळण व्हायची. हा नवा बरा, भोक म्हणून पडत नाही."

बाईंनी सरांचा शर्ट हातात घेतला. डाव्या खिशाच्या वर कापड अखंड होतं. पिन नाही, चिमटा नाही, तर माईक कापडाला धरून कसा राहतो? त्यांना उत्तर कळलं. त्यांनी दार उघडून भावाला आत बोलावलं.

"नवा माईक कुणी आणला?"

"मीच. दोन महिने झाले."

"तो चुंबकावर टिकतो. आत एक तुकडा, बाहेर एक."

"असेल. मी काय उघडून पाहिलं नाही."

"लावतं कोण?"

"मीच लावतो. दादाला जमत नाही."

"चुंबकाने पेसमेकरवर परिणाम होतो, हे ठाऊक होतं?"

"छे हो. मला पियानोवाल्याला कसं कळणार?" भाऊ काकुळतीला आला. "कळलं असतं तर मी लावला असता का?"

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना मनापासून वाटत होतं, याने 'हो, विसरलो' म्हणावं. विसरणं माफ करता आलं असतं.

"भाऊ, मागच्या वेळी या दारात उभं राहून तुम्ही चुंबकाचं विचारलंत. मी सांगितलं, ठोके शंभरावर अडकतात. तुम्ही विचारलंत, जिवाला धोका? मी म्हटलं, सहसा नाही, काढलं की पूर्ववत. त्यानंतर महिन्याभरात हा माईक आला. तुम्ही तो नेमका यंत्रावर लावत होतात. आणि दादा कोसळले तेव्हा पाण्याआधी माईक काढलात, कारण काय काढल्यावर ठोके सुधारतील हे त्या हॉलमध्ये एकट्या तुम्हाला ठाऊक होतं."

बाईंच्या अंगाचा तिळपापड होत होता. त्याच्या काळजीचं उदाहरण त्या इतर नातेवाइकांना देत आल्या होत्या, आणि त्याने त्यांच्याच तोंडून हत्यार काढून घेतलं होतं.

"मी तीनदा मागितलं होतं, दादा," भाऊ शेवटी म्हणाला. "एका कार्यक्रमाचं संचालन मला करू दे म्हटलं. तू तीनही वेळा हसलास. मला तुला मारायचं नव्हतं. तू थकलास असं तुला वाटावं, एवढंच. मी विचारून घेतलं होतं ना, धोका नाही म्हणून."

"हसलो होतो, खरंय," सर म्हणाले. "चुकलं माझं. पण मंगळवारी पडल्यावर मी तुझाच हात धरला. घाबरून तुलाच म्हणालो, सोडू नकोस मला. तेव्हाही नाही बोललास?"



सरांनी शर्टाची बटणं लावली. ठोके पडद्यावर अठ्ठ्याऐंशी होते, स्वतःचे. "माझं हृदय चांगलं आहे म्हणता," ते बाईंना म्हणाले. "पण मी हात वर केला की पहिला सूर हा देतो. आता मी हात वर कसा करू?"

"करायचा," बायको फटकन म्हणाली. "भाऊजींच्या सुरावाचून काय जग थांबलंय?"

सरांनी खिशातलं पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि वृंदाच्या कार्यवाहांना फोन लावला. भाऊ दोन हातांच्या अंतरावर उभा होता. सर त्याच्याकडे बघतच बोलले.

"राजीनामा येणार नाही. मी पाचला पोचतो. पण पियानोला दुसरा माणूस बघा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, आजपासूनच. नाही, तो आजारी नाही."